जर्मनीतली अंधारी पानगळ आणि फ्रीलान्सरचे अडकलेले पैसे

प्रश्न लाइपत्सिगमध्ये दोन वर्षांपासून फ्रीलान्स ग्राफिक डिझाइन करणाऱ्या एका मराठी ताईंचा आहे. थोडक्यात असा: "दिवाळी झाली की सगळंच मंदावतं. दोन क्लायंटांकडे मिळून साडेतीन हजार युरो अडकलेत, नव्या कामासाठी पाठवलेल्या मेलना उत्तर येत नाही, संध्याकाळी साडेचारच्या आत अंधार पडतो आणि लॅपटॉपपुढे बसवत नाही. १० डिसेंबरला टॅक्सचा हप्ता आहे. हे आपल्याला झेपत नाही असं समजून नोकरी शोधावी का?"

नोकरी शोधायची की नाही हे फेब्रुवारीत ठरवा, आत्ता नको. आत्ता तुमच्यावर तीन गोष्टी एकदम आल्या आहेत: उजेड कमी झालाय, जर्मन कंपन्यांचं वर्ष संपत आलंय आणि पैसे येण्याच्या तारखा जाण्याच्या तारखांशी जुळत नाहीत. तिन्ही एकाच महिन्यात आल्या की आपण त्यांची बेरीज करतो आणि उत्तर येतं "मी कमी पडतेय". पण उजेडाला इनव्हॉइसचा उपाय चालत नाही आणि थकबाकीला व्हिटॅमिनचा. म्हणून एकेक घेऊ.

उजेडापासून सुरुवात करते, कारण बाकीची दोन कामं करायला लागणारं डोकं त्यातून मिळतं.

महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे धुतलेलं आकाश आणि लख्ख ऊन. आपल्याकडची अंधारी आषाढ-श्रावणातली, आणि तेव्हाही दिवस तेरा तासांचा असतो. मुंबईत वर्षातला सगळ्यात लहान दिवससुद्धा जवळपास अकरा तासांचा. लाइपत्सिगला २१ डिसेंबरचा दिवस आठ तासांहूनही थोडा कमी, आणि त्यातले कित्येक दिवस ढगांखालचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे तीनचे दोन वाजतात आणि संध्याकाळ एकदम तासाने अलीकडे येते. नोकरदाराला निदान सकाळी बाहेर पडावंच लागतं. घरून काम करणारा फ्रीलान्सर आठला उठून स्वयंपाकघरातून टेबलाशी येतो, बारापर्यंत पडदा अर्धा, दोनला जेवतो आणि चारला "जरा बाहेर जाऊन येऊ" म्हणतो तोवर उजेड संपलेला असतो. असे सलग चार-पाच दिवस गेले की झोप पुढे सरकते, सकाळी जाग येत नाही आणि गोड-पिठूळ खाण्याची ओढ लागते. याला वैद्यकात नाव आहे. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचं वर्णन केलं, आणि सकाळचा प्रखर प्रकाश हा तेव्हापासूनचा उपचार आहे.

आकडे बघा म्हणजे फरक कळेल. घरातल्या दिव्याखाली टेबलावर ३०० ते ५०० लक्स प्रकाश असतो. बाहेर ढगाळ दुपारीसुद्धा तो काही हजार लक्स असतो. डोळ्यांना दोन्ही "नीट दिसतंय" असेच वाटतात, पण शरीराच्या घड्याळासाठी पहिला प्रकाश फारच तोकडा पडतो. त्यामुळे पहिला नियम: उठल्यापासून दोन तासांच्या आत अर्धा तास बाहेर चालणं, पाऊस असला तरी. दुसरा: टेबल खिडकीपासून एक मीटरच्या आत, खिडकी डाव्या किंवा उजव्या हाताला. खिडकी समोर असेल तर स्क्रीन बघताना डोळे दुखतात, पाठीमागे असेल तर स्क्रीनवर चमक येते. काच आतून-बाहेरून पुसून घ्या. पानगळीत ती इतकी मळते की प्रकाश खरोखर अडतो.

दिवा घ्यायचा असेल तर दुकानात तो टागेसलिष्ट-लाम्पे या नावाने मिळतो. खोक्यावर १०,००० लक्स लिहिलेलं असतं, पण ते किती अंतरावर, हे बारीक अक्षरात असतं आणि खरी गोम तिथेच आहे. स्वस्त, लहान दिवे हा आकडा १५ ते २० सेंटिमीटरवर देतात. तितक्या जवळ नाक नेऊन कोणी अर्धा तास बसत नाही. ३० ते ४० सेंटिमीटरवर १०,००० लक्स देणारा, मोठ्या पृष्ठभागाचा आणि अतिनील किरण गाळणारा दिवा बघा. डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडा वर, तिरका ठेवायचा, त्याच्याकडे टक लावून बघायचं नाही, चहा पीत मेल वाचायच्या. सकाळी अर्धा तास. तोच दिवा संध्याकाळी लावला तर झोप आणखी उडते, आणि "दिवा घेतला पण उपयोग नाही" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं इथेच बिनसलेलं असतं. डोकं दुखलं तर वेळ दहा मिनिटांवर आणून हळूहळू वाढवा. डोळ्याच्या पडद्याचा आजार असेल, प्रकाशाने त्रास वाढवणारी औषधं चालू असतील किंवा बायपोलर आजाराचा इतिहास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय दिवा लावू नका.

या दिव्यातून व्हिटॅमिन डी मिळत नाही, कारण त्यासाठी लागणारे किरणच त्यात गाळलेले असतात. जर्मनीत साधारण ऑक्टोबर ते मार्च या काळात उन्हातून त्वचेत ते पुरेसं तयार होत नाही, आणि सावळ्या त्वचेला तर आधीच जास्त ऊन लागतं. शरीरात ते तयार होत नसताना प्रौढांसाठी इथे सांगितलं जाणारं प्रमाण दिवसाला २० मायक्रोग्रॅम, म्हणजे ८०० युनिट आहे. मोठ्या मात्रेच्या गोळ्या परस्पर सुरू करण्याऐवजी हाउसआर्त्स्टकडे, म्हणजे नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे, रक्त तपासून घ्या. तपासणीचे पैसे बहुधा स्वतः भरावे लागतात, भरा.

आणि दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, जगण्याचा कंटाळा येत असेल, तर तो "नोव्हेंबर" म्हणून सोडून देऊ नका. ११६११७ या क्रमांकावरून मानसोपचाराच्या पहिल्या भेटीची वेळ मिळते, आणि टेलिफोनझेलझॉर्गे ही मदतवाहिनी ०८०० १११०१११ वर दिवसरात्र, विनामूल्य आहे. फ्रीलान्सरला विचारणारा साहेब नसतो, शेजारचा सहकारी नसतो. कोणाच्या लक्षात येईल याची वाट बघत राहिलात तर कोणाच्याच लक्षात येणार नाही.

आता कामाचं. तुम्हाला वाटतंय की काम आटलंय. जर्मन कंपन्यांच्या वर्षाकडे बघितलं तर चित्र थोडं वेगळं आहे. बहुतेकांचं आर्थिक वर्ष कॅलेंडरचंच, जानेवारी ते डिसेंबर. ऑक्टोबरात पुढच्या वर्षाचं बजेट ठरत असतं, त्यामुळे "नवीन ओळख, नवीन प्रकल्प" या मेलला कोणी हात लावत नाही. पण त्याच वेळी चालू वर्षाच्या बजेटातली उरलेली रक्कम, ज्याला ते रेस्टब्युजे म्हणतात, डिसेंबरच्या मध्यापर्यंत खर्च करायची असते. कित्येक ठिकाणी ती खर्च झाली नाही तर पुढच्या वर्षी तेवढी कापली जाते. म्हणून नोव्हेंबरात अनोळखी लोकांना मेल पाठवण्यात शक्ती घालवू नका. गेल्या अठरा महिन्यांत ज्यांच्यासाठी काम केलं त्यांना फोन करा, आणि एक मोठा प्रस्ताव देण्याऐवजी एक लहान, ठराविक किमतीचं, दोन-तीन आठवड्यांत संपणारं काम सुचवा: जुन्या माहितीपत्रकाची नव्या वर्षासाठी सुधारित आवृत्ती, सादरीकरणाचा साचा, नववर्षाचं कार्ड, सोशल मीडियासाठी बारा चित्रांचा संच. ८०० ते २,००० युरोंच्या दरम्यानची रक्कम बऱ्याच ठिकाणी विभागप्रमुख स्वतःच्या सहीने मंजूर करू शकतो, वरच्या बैठकीपर्यंत जावं लागत नाही.

काम पुढच्या वर्षी होणार असेल आणि पैसे यंदाच्या बजेटातून द्यायचे असतील, तर आगाऊ रकमेचं रीतसर बिल द्या आणि त्यावर ते आगाऊ आहे असं स्पष्ट लिहा. "सगळं डिसेंबरात झालं असं दाखवा" असा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. बिलावर काम केल्याची तारीख द्यावी लागते आणि ती खरीच हवी.

सुट्ट्या वहीत आधीच मांडून ठेवा. सॅक्सनीत, म्हणजे लाइपत्सिगच्या राज्यात, ३१ ऑक्टोबर सुट्टी, नोव्हेंबरात २३ तारखेच्या आधीचा बुधवार सुट्टी. बव्हेरिया आणि नॉर्थराइन-वेस्टफालियाचे क्लायंट १ नोव्हेंबरला बंद. साधारण १९-२० डिसेंबरनंतर ७ जानेवारीपर्यंत निर्णय घेणारं माणूस जागेवर सापडत नाही. भारतातलेही क्लायंट असतील तर दिवाळीचा आठवडा वजा करा, आणि घड्याळ बदलल्यावर भारताशी अंतर साडेतीन तासांऐवजी साडेचार होतं. पुण्याचा माणूस संध्याकाळी सहाला निघतो तेव्हा तुमच्याकडे दीड वाजलेला असतो. म्हणजे त्यांचे कॉल तुमच्या सकाळच्या सगळ्यात चांगल्या वेळेत घुसतात. ते आठवड्यातल्या दोनच दिवशी, अकरानंतर ठेवा. सकाळचे तीन तास डिझाइनला, दुपारी जेवणाआधी पुन्हा वीस मिनिटं बाहेर, आणि अंधार पडल्यानंतरची वेळ बिलं, फाइलींची नावं, पावत्या असल्या कामांना. अंधारात नवी कल्पना सुचत नाही म्हणून स्वतःवर चिडण्यापेक्षा त्या वेळेला त्या प्रतीचं काम देणं बरं.

आता अडकलेले साडेतीन हजार. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण पैसे वसूल करायची घाई ऑक्टोबर-नोव्हेंबरातच करायची असते. डिसेंबर उजाडला की प्रत्येक हिशेब विभाग वर्षअखेरीच्या कामात बुडतो.

पैसे न येण्याचं कारण बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. बिल कुठेतरी पडून असतं. कंपनीचं कायदेशीर नाव चुकलंय, ऑर्डर क्रमांक लिहिलेला नाही, बिल डिझाइन समजणाऱ्या बाईंच्या इनबॉक्समध्ये आहे पण बुखहाल्टुंगपर्यंत, म्हणजे हिशेब विभागापर्यंत पोचलेलंच नाही. म्हणून पहिला फोन क्लायंटला न करता थेट हिशेब विभागाला करा. तीन प्रश्न: बिल मिळालं का, मंजूर झालं का, कोणत्या तारखेच्या पेमेंटच्या फेरीत आहे. पुष्कळ कंपन्या आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदाच रकमा सोडतात. एका दिवसाने फेरी हुकली की दोन आठवडे गेले. उत्तर देणाऱ्याचं नाव लिहून ठेवा आणि लगेच त्याच मजकुराची दोन ओळींची मेल पाठवा.

बिल स्वतःच तपासून घ्या. दोघांचं पूर्ण नाव-पत्ता, तुमचा कर क्रमांक, बिलाची तारीख, सलग क्रमांक, कामाचं नेमकं वर्णन, काम केल्याची तारीख किंवा कालावधी, निव्वळ रक्कम, कराचा दर आणि कराची रक्कम. यातलं एक जरी राहिलं तर समोरच्याला त्या बिलावरचा व्हॅट वजा करून घेता येत नाही, आणि तो ते बिल थांबवतो. त्यात त्याचं चुकतही नाही. जर्मनीबाहेरच्या, युरोपीय संघातल्या देशातला व्यावसायिक क्लायंट असेल तर बिलावर व्हॅट न लावता कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे असं लिहावं लागतं, दोघांचे व्हॅट क्रमांक लागतात आणि तिमाहीनंतरच्या २५ तारखेपर्यंत वेगळी माहिती द्यावी लागते.

बिल बरोबर असूनही पैसे येत नसतील तर कायदा तुमच्या बाजूने बऱ्यापैकी आहे. करारात किंवा मान्य केलेल्या ऑफरमध्ये "बिलानंतर १४ दिवस" अशी मुदत असेल, तर ती संपली की क्लायंट थकबाकीदार होतो. तशी मुदत ठरलेली नसेल तर तुमच्या लेखी तगाद्याने होतो, आणि तगादा नसला तरी रक्कम देय होऊन बिल हाती पडल्यावर ३० दिवसांनी होतो. व्यावसायिक क्लायंटकडून त्या दिवसापासून मूळ दर अधिक ९ टक्के असं वार्षिक व्याज आणि शिवाय ४० युरो ठोक मागता येतात. हा मूळ दर जर्मनीची मध्यवर्ती बँक दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला जाहीर करते. २०२५ च्या उत्तरार्धात तो १.२७ टक्के होता, म्हणजे व्याज १०.२७ टक्के. २,३८० युरोंचं बिल ४० दिवस थकलं तर व्याज सुमारे २७ युरो, अधिक ४०. रक्कम फार मोठी नाही, पण तगाद्यात हा हिशेब आकड्यांनिशी मांडलेला असला की हिशेब विभाग ते पत्र गठ्ठ्यात वर ठेवतो.

वेळापत्रक असं ठेवा. मुदत संपल्यावर तिसऱ्या दिवशी फोन. दहाव्या दिवशी पहिलं लेखी पत्र: बिल क्रमांक, तारीख, रक्कम, नवी तारीख, बँक खातं, सोबत बिलाची प्रत. सूर सभ्य, पण "जमल्यास", "शक्य झाल्यास" असले शब्द नकोत. मराठी माणूस पैसे मागताना आधी तब्येत विचारतो, मग हवामान, मग "ते जरा बघता का" म्हणतो. जर्मन हिशेब विभागाला अशा मेलमध्ये काय हवंय तेच कळत नाही. विसाव्या दिवशी शेवटचं पत्र: अमुक तारखेपर्यंत रक्कम आली नाही तर न्यायालयाकडून मानबेशाइड काढू. आणि ती तारीख उलटली की खरोखरच काढा.

मानबेशाइड म्हणजे न्यायालयामार्फत जाणारी वसुलीची नोटीस. वकील लागत नाही, अर्ज ऑनलाइन भरता येतो, शुल्क आधी तुम्ही भरता आणि ते मागणीत जोडलं जातं. अर्ज तुमच्या पत्त्यानुसार ठरलेल्या न्यायालयाकडे जातो. सॅक्सनीतल्यांचा अर्ज आशर्सलेबनच्या न्यायालयाच्या श्टासफुर्टमधल्या कार्यालयाकडे. न्यायालय मागणी खरी की खोटी हे तपासत नाही, फक्त नोटीस पोचवतं. समोरच्याला हरकत घ्यायला दोन आठवडे असतात. हरकत आली नाही तर पुढचा, जप्तीपर्यंत जाणारा आदेश मागता येतो. हरकत आली तर नेहमीचा दावा, आणि मग वकिलाशी बोलायचं. म्हणून जिथे कामाच्या दर्जावरून वाद आहे तिथे हा रस्ता पहिला नको. जिथे नुसतीच टोलवाटोलवी आहे तिथे तो फार उपयोगी.

एक तारीख मात्र पानगळीतच आठवावी लागते: ३१ डिसेंबर. अशी रक्कम कायद्याने मागण्याची मुदत ज्या वर्षी ती देय झाली त्या वर्षाच्या अखेरीपासून तीन वर्षं. २०२२ मध्ये देय झालेलं बिल २०२५ च्या ३१ डिसेंबरला कालबाह्य होतं. साध्या तगाद्याच्या पत्राने ही मुदत थांबत नाही, मानबेशाइडच्या अर्जाने थांबते. तुमचं काम दोन वर्षांचंच असल्याने तुम्हाला यंदा भीती नाही, पण हे वाचणाऱ्या जुन्या मंडळींनी नोव्हेंबरात एकदा बिलांची यादी चाळावी.

"अजून काम पूर्ण मंजूर झालेलं नाही" ही सबब डिझाइनवाल्यांच्या वाट्याला फार येते. फाइली दिल्या, सहा आठवडे उत्तर नाही, आणि मग पैसे मागितले की "आमच्या टीमने अजून बघितलं नाही". यावर उपाय लेखी आहे. काम पूर्ण करून दिल्यावर मंजुरीसाठी, म्हणजे आबनामेसाठी, वाजवी मुदत द्या, समजा दहा ते बारा दिवस. त्या मुदतीत व्यावसायिक क्लायंटने निदान एक तरी ठोस दोष दाखवून नकार दिला नाही, तर काम मंजूर झालं असं कायद्याने धरलं जातं. पुढच्या करारांत आणखी दोन ओळी घाला: काम तीन हप्त्यांत, ३० टक्के सुरुवातीला, ४० टक्के मसुद्यानंतर, ३० टक्के शेवटी, आणि वापराचे हक्क पूर्ण रक्कम मिळाल्यावरच हस्तांतरित होतील. दुसरी ओळ असेल तर पैसे न देता लोगो वापरणाऱ्याची अडचण तुमच्यापेक्षा मोठी होते.

१० डिसेंबरच्या हप्त्याकडे येऊ. आयकराचे आगाऊ हप्ते १० मार्च, १० जून, १० सप्टेंबर आणि १० डिसेंबरला असतात, आणि ते गेल्या हिशेबावर ठरलेले असतात. यंदा नफा खरोखर कमी असेल तर फिनान्त्सआम्टला, म्हणजे आयकर कार्यालयाला, हप्ता कमी करण्याचा अर्ज करता येतो. एल्स्टर या सरकारी कर-पोर्टलवरून किंवा साध्या पत्रानेही. सोबत जानेवारी ते ऑक्टोबरचं जमाखर्चाचं एक पान आणि नोव्हेंबर-डिसेंबरचा अंदाज जोडा. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात पाठवलात तर निर्णय वेळेत येण्याची आशा असते. अर्ज केला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. निर्णय आला नाही तर जुनी रक्कम भरा किंवा फोन करून विचारा. उशिराबद्दल प्रत्येक सुरू झालेल्या महिन्याला १ टक्का दंड लागतो. बँकेतून पाठवलेल्या रकमेला तीन दिवसांची सवलत असते, तिच्यावर विसंबू नका.

हप्ता कमी झाल्याचा कागद आला की तोच आरोग्यविम्यासाठी कामाला येतो. सरकारी क्राँकेनकासेत, म्हणजे आरोग्यविमा संस्थेत, ऐच्छिक सदस्य असाल आणि नफा एक चतुर्थांशाहून जास्त घसरला असेल, तर सुधारित आगाऊ-कराचा आदेश दाखवून विम्याचा हप्ता तात्पुरता कमी करून मागता येतो. क्रम महत्त्वाचा: आधी फिनान्त्सआम्ट, मग विमा. ग्राफिक डिझाइनवाल्यांसाठी मात्र आधी बघायची गोष्ट म्हणजे कलावंतांचा सामाजिक विमा, क्युन्स्टलरझोत्सियालकासे. त्यात असाल तर आरोग्य, शुश्रूषा आणि पेन्शनच्या हप्त्यांतला जवळपास निम्माच भाग तुम्ही भरता. पुढच्या वर्षीच्या उत्पन्नाचा अंदाज त्यांना १ डिसेंबरपर्यंत कळवायचा असतो, आणि उत्पन्न बदललं तर तो वर्षात मध्येही, पुढच्या महिन्यांसाठी, बदलता येतो. हप्ता वाचवायला आकडा मुद्दाम खूप खाली घेऊ नका. आजारपणात मिळणारी रक्कम आणि पेन्शन त्याच आकड्यावर ठरतात, शिवाय तपासणीही होते. अजून त्यात नसाल तर या महिन्यातलं सगळ्यात किमती कागदी काम तेच आहे.

व्हॅटमध्येही एक गोष्ट तपासा. कर बिल दिल्यावर लागतो की पैसे आल्यावर? फ्रीलान्स व्यवसायातल्यांना, म्हणजे फ्रायबेरूफ्लरना, पैसे आल्यावर भरण्याची पद्धत अर्ज करून मिळते. ती घेतलेली नसेल तर क्लायंटने तुम्हाला न दिलेल्या पैशांवरचा १९ टक्के कर तुम्ही खिशातून भरत बसता, आणि पानगळीतली चणचण पुष्कळदा इथूनच येते. व्हॅट न लावण्याची लहान व्यावसायिकाची सूट घेत असाल तर २०२५ पासून उलाढालीची मर्यादा मागच्या वर्षी २५,००० आणि चालू वर्षी १,००,००० युरो आहे. नोव्हेंबरात २४ हजारांवर असाल तर पुढच्या वर्षीच्या ऑफरमध्ये व्हॅट वेगळा लिहायला आत्ताच सुरुवात करा. कंपन्यांना त्याने फरक पडत नाही, त्या तो वजा करून घेतात.

या सगळ्याच्या मुळाशी खात्यांची रचना आहे. तीन खाती हवीत: व्यवसायाचं, कराचं, घरखर्चाचं. २,३८० युरो आले की त्याच दिवशी ३८० व्हॅट आणि २,००० च्या ३० टक्के म्हणजे ६००, असे ९८० कराच्या खात्यात. उरलेल्या १,४०० मधून विमा आणि घरखर्च. नफा कमी असताना आयकर ३० टक्के होत नाही, हे खरं. पण सुरुवातीच्या वर्षांत एक धक्का ठरलेला असतो: पहिलं विवरणपत्र भरलं की गेल्या पूर्ण वर्षाचा कर आणि चालू वर्षाचे आगाऊ हप्ते एकदम मागितले जातात, आणि हे पत्र पुष्कळांना नेमकं शरद ऋतूत येतं. ३० टक्क्यांतले जास्तीचे पैसे त्यासाठी.

आजारपणाबद्दल थोडं. नोव्हेंबरातला फ्लू फ्रीलान्सरला दोन आठवडे विनापगार बसवतो. आजारपणाचा भत्ता मिळतो तो साधारण सातव्या आठवड्यापासून, आणि ऐच्छिक सदस्याने तो पर्याय वेगळा निवडलेला असेल तरच. म्हणून डिलिव्हरीच्या तारखा देताना या दोन महिन्यांत आठवड्याचे चारच दिवस धरा. हीटर चालू झाल्यावर घरातली हवा कोरडी आणि कोंदट होते. दिवसातून तीन-चार वेळा खिडक्या सताड उघडून पाच ते दहा मिनिटं हवा बदला, तेवढा वेळ हीटर बंद. खिडकी दिवसभर किलकिली ठेवली तर भिंत थंड पडते आणि जुन्या इमारतीत बुरशी धरते. घरून केलेल्या कामाचे दिवस वहीत टिपत जा. दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो खर्च म्हणून दाखवता येतात.

डिसेंबरात बिल द्यायचं की जानेवारीत, हाही प्रश्न दरवर्षी येतो. जमाखर्चाच्या साध्या हिशेबात पैसा ज्या वर्षी खात्यात आला त्या वर्षाचा धरतात. यंदाचं उत्पन्न कमी आहे म्हणजे यंदा आलेला युरो कमी दराने कर भरतो. तेव्हा तुमच्या बाबतीत बिलं पुढे ढकलण्यात काही मिळकत नाही, उलट आत्ता पाठवा. आणि कर वाचवायला डिसेंबरात नवा मॉनिटर घेऊ नका. ५०० युरोंच्या खर्चावर शंभर-सव्वाशेचा कर वाचतो, बाकीचे पावणेचारशे-चारशे तुमचेच जातात, तेही हात आखडलेल्या महिन्यात.

या आठवड्यात करायचं ते एवढंच: सोमवारी सकाळी फिरून आल्यावर दोन्ही थकलेल्या बिलांसाठी हिशेब विभागांना फोन, मंगळवारी जमाखर्चाचं पान आणि फिनान्त्सआम्टला अर्ज, बुधवारपासून जुन्या क्लायंटांना रोज दोन फोन, लहान कामाच्या एका ठराविक किमतीसकट. हातातली कामं ५ डिसेंबरपर्यंत मंजुरीला द्या, म्हणजे दहा-बारा दिवसांची मुदत सुट्टीआधी संपते आणि शेवटचं बिल १७-१८ डिसेंबरला जातं. जानेवारीसाठी कोणी "बघू" म्हणालं तर त्यांना १२ जानेवारीचा आठवडा राखून ठेवते असं सांगा आणि ३० टक्के आगाऊ रकमेचं बिल जोडा. पैसे आले तर आठवडा त्यांचा, नाही आले तर ५ जानेवारीपासून तो दुसऱ्याला द्यायला मोकळा.